मुळे खणणाऱ्यांची विद्या

प्राचीन ग्रीक वैद्यकाचा विषय निघाला की हिपॉक्रेटीसचे नाव पुढे येते. परंतु रानावनांतून औषधी हुडकून आणणाऱ्या, मुळे खणणे हाच ज्यांचा व्यवसाय होता अशा अनाम लोकांचे ऋण आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने त्यांचे रीतिरिवाज आपल्या वनस्पतिग्रंथात नोंदविले. पिओनी ही वनस्पती दिवसा काढताना सुतारपक्ष्याने पाहिल्यास दृष्टी जाते हा समज त्याने ओढूनताणून आणलेला ठरविला. मात्र हेलेबोर ही औषधी खणण्यापूर्वी लसूण खाऊन निर्जळ मद्य पिण्याचा प्रघात, त्या मुळीच्या उग्रतेने मस्तक जड होते म्हणून, सयुक्तिक मानला. लोकसमजुतींची सरसकट हेटाळणी न करता एकेकीची खातरजमा करणारी ही बुद्धी आम्हांस परम आदरणीय वाटते.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने पाच भागांत सुमारे ६०० वनस्पतींचे गुणधर्म लिहिले, आणि कोंबापासून वठण्यापर्यंत वनस्पती स्वतः पाहावी असा आग्रह धरला. हा ग्रंथ नवव्या शतकात बगदादेत अरबीत उतरला. युनानी हकीमांच्या द्वारे त्या परंपरेचा प्रवाह हिंदुस्थानातही पोहोचला.

या औषधींपैकी खेद वाटतो तो सिल्फियमचा. उत्तर आफ्रिकेतील सायरीनी या ग्रीक नगरीने जिची आकृती आपल्या नाण्यांवर कोरली, ती बहुगुणी वनस्पती, रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे, अधिक नफ्याच्या लोभाने मक्तेदारांनी कुरणांत मेंढरे सोडल्यामुळे नामशेष झाली. तिच्या जागी इराणकडील हिंग आला, तोच जो आज आपल्या फोडणीत पडतो.