चरा काढणे आणि चरा झाकणे

मोटारीच्या रंगाचे सामान विकणाऱ्या आपल्या बंधूंपुढे एक प्रश्न मांडावासा वाटतो. गिऱ्हाईक चरे पडलेली गाडी दाखविते आणि आपण फळीवरील सर्वांत जहाल कंपाउंड व लोकरीचे पॅड त्याच्या हाती देतो. चरे तासाभरात जातात. पण त्यांबरोबर आणखी काय गेले, हे त्यास कोण सांगणार?

रंगावरील पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुधा ४०-५० मायक्रॉनांचाच असतो. चरा जातो तो भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत घासला गेल्यामुळे, आणि घासलेला थर परत येत नाही. म्हणून आधी मऊ फोमचे पॅड व बारीक पॉलिश, तेही वीतभर जागेवर लावून पाहावे. न भागल्यासच कडक फोम, मायक्रोफायबर आणि अखेरीस लोकर. पॅड मात्र दोन-तीन द्यावीत. मळीने भरलेले पॅड कापत नाही, नुसते तापते. येथे अधिक विकण्यात लबाडी नाही.

दुसरी गोष्ट नाजूक. काही पॉलिशांतील तेल व मेण चऱ्यांत भरते आणि चरे दिसेनासे होतात. काही धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसल्यास खरे काय ते तेथेच कळते. असे पॉलिश विकूच नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु ते झाकते, काढीत नाही, हे विकतानाच सांगावे. मीही पूर्वी सांगत नसे. एका जुन्या गिऱ्हाइकाने आपली काळी गाडी दुकानासमोर भर उन्हात आणून उभी केली, तेव्हापासून सांगू लागलो.