नास्तिक्याचे माहेर

नास्तिक माणसाविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने मांडली जातात. पहिले मत श्रद्धावंतांचे. नास्तिक्य हे संस्कारांच्या उणिवेचे किंवा बालपणीच्या एखाद्या जखमेचे फळ होय; घरात नेमाने शुभंकरोती झाली असती, बाप इतका कर्मठ नसता, एखादा मृत्यू अकाली आला नसता, तर हा गृहस्थही चारचौघांप्रमाणे हात जोडून उभा राहिला असता, असे हे मत सांगते. दुसरे मत खुद्द नास्तिकांचे. आम्ही केवळ बुद्धीच्या बळावर येथवर आलो आणि घराने दिलेले सारे उंबरठ्याशी ठेवून आलो, असा त्यांचा दावा असतो. पहिल्या मतात उर्मटपणा आहे, दुसऱ्यात भाबडेपणा. प्रस्तुत लेखकाला दोन्ही अमान्य आहेत. आणि दुसऱ्याचा समाचार अधिक कठोरपणे घेणे त्याला आवश्यक वाटते, कारण तो स्वतः त्याच पंगतीत बसणारा आहे.

श्रद्धावंतांच्या आक्षेपाचा निकाल लवकर लागतो. एखादे मत कोणत्या घरातून आले हे सांगितल्याने ते खरे की खोटे हे ठरत नाही. वैद्याचा मुलगा वैद्य झाला म्हणून त्याचे निदान चुकत नाही आणि अचूकही ठरत नाही. त्यासाठी रोग्याची नाडीच पाहावी लागते. शिवाय हे शस्त्र दुधारी आहे. नास्तिक्य जर संगोपनाचे अपत्य असेल, तर आस्तिक्य त्याहून अधिक आहे. आपण ज्या देवापुढे नमतो, तो देव शेजारच्या घरी जन्मलो असतो तर बहुधा वेगळा असता, हे कोणता प्रामाणिक भक्त नाकारील?

परंतु एवढ्याने नास्तिकाची सुटका होत नाही. संगोपनाने नकाराची सत्यता ठरत नसली, तरी नकाराचा आकार ठरतो. आपण नेमका कोणता देव नाकारतो, तो रागाने नाकारतो की सहज, त्याच्याबरोबर आणखी काय टाकतो आणि काय नकळत जपून ठेवतो, या सर्वांवर घराचा ठसा असतो. सासरी कितीही वर्षे काढली तरी लेकीच्या बोलण्यात माहेरचा हेल डोकावतोच. नास्तिक्यालाही असे एक माहेर असते.

आगरकरांमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा झालेला जॉन स्टुअर्ट मिल पाहा. त्याचे वडील जेम्स मिल स्कॉटलंडात धर्मोपदेशक होण्यासाठी शिकले. तसा परवानाही त्यांना मिळाला होता. ज्या ईश्वराने नरक निर्माण केला तो पूज्य कसा, या नैतिक संतापातून त्यांनी पुढे धर्म सोडला. मुलाला त्यांनी धर्मावाचून वाढविले. आपण धर्म टाकला असे म्हणता येत नाही, कारण तो आपल्यापाशी कधी नव्हताच, अशा आशयाची कबुली मिल आत्मचरित्रात देतो. नकार एकच, पण बापाच्या नकारात जळजळ आहे आणि मुलाला धर्म हा दुरून न्याहाळण्याचा विषय आहे. त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक निबंधांत तो मर्यादित सामर्थ्याच्या ईश्वराची शक्यता शांतपणे तपासून पाहतो. ही शांतता बापाला परवडली नसती.

आपल्या इतिहासात याहून बोलका प्रसंग आहे. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर मुंबईत अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला. पण त्या दिवशी न्यायालयात देव नाकारणारे दोन पुरुष एका बाजूला उभे होते आणि दोघांची माहेरे सर्वस्वी भिन्न होती.

कर्वे ज्या घरात वाढले, त्या घराला धर्माने आधीच वाळीत टाकले होते. १८९३ मध्ये धोंडो केशवांनी विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. बंडाचा पहिला घाव बापानेच घातल्यामुळे मुलाला घरात देवावरून भांडण्यासारखे फारसे उरले नाही. त्याचे नास्तिक्य गणिताच्या प्राध्यापकाला साजेसे आहे. देव हे अनावश्यक पद म्हणून तो समीकरणातून खोडतो आणि सारे बळ संततिनियमनासाठी, स्त्रीच्या देहावरील तिच्या हक्कासाठी राखून ठेवतो.

आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी. घरात भजने, दोहे, संतांचे अभंग यांचा नित्यपाठ. रामायण-महाभारताचे वाचनही मुलांकडून करवून घेतले जाई. याच मुलाला शाळेत तरटावर वेगळे बसावे लागे आणि पाणी वरून ओतले गेले तरच प्यावे लागे. घरात देव जवळचा आणि देवळात त्याच देवाचे दार बंद, अशी ही शिकवण होती. १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा करणाऱ्या आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या या माणसाने ईश्वर आणि आत्मा दोन्ही नाकारले. धर्माची गरज मात्र नाकारली नाही. कर्व्यांनी जे पद नुसते खोडले, त्या जागी आंबेडकरांना काही मांडावेसे वाटले. नीती आणि समूह यांची सांगड घरच्या भजनाने त्यांच्या मनात कोवळ्या वयातच घातली होती, असे मला वाटते. बुद्धाबरोबर कबीरालाही त्यांनी गुरू मानले, हे त्याचेच चिन्ह.

रायपुरात बसून हे लिहिण्याला कारण आहे. येथून बिलासपूरकडे जाताना दामाखेडा लागते. तेथे कबीरपंथाची धर्मदासी गादी आहे. गिरौदपुरी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा नाकारून सतनामाचा उपदेश केला. ते नास्तिक नव्हते. पण मूर्ती आणि जात यांना मिळून एकच नकार देण्याचे धैर्य त्यांनी श्रद्धेच्या पोटातून काढले. आणि आपण मराठी माणसे? १७४१ मध्ये भोसल्यांची फौज छत्तीसगडात आली. पुढे रतनपूरच्या टेकडीवर बिंबाजी भोसल्यांनी रामाचे मंदिर बांधले. आमचे देव या मुलखात राज्यकर्त्यांबरोबर आले. ब्रिटिश अमलात कारकून, वकील, शिक्षक म्हणून आलेल्या कुटुंबांच्या देव्हाऱ्यांतही ते तसेच सुखासीन राहिले. त्यांनी आम्हांला कधी दाराबाहेर उभे केले नाही.

अशा घरात वाढलेल्याचे नास्तिक्य कसे असते? आषाढी अमावास्येचे उदाहरण घ्या. मराठी घरात त्या दिवशी दिवे उजळून दीपपूजा होते. येथल्या पंचांगाने तीच श्रावणातली हरेली. त्या दिवशी खेड्यांत नांगर-कुदळी पुजल्या जातात, दारावर कडुनिंबाची डहाळी लागते आणि चौकटीत लोखंडी खिळा ठोकला जातो, कारण त्या रात्री टोनही, म्हणजे चेटकीण, बाहेर पडते अशी भीती असते. एकाच रात्री एका घरचे मूल दिव्यांची आरास पाहते आणि दुसऱ्या घरचे मूल एखाद्या शेजारणीला भ्यायला शिकते. पहिले मूल मोठेपणी नास्तिक झाले, तर त्याचा नकार दिवा लावण्या-न लावण्यापुरता उरतो; त्यात धोका नाही, कोणाशी वैर नाही. आणि टोनही ठरवलेल्या बाईला तर नास्तिक होण्याचीही सवड मिळत नाही. तिला आधी जीव वाचवावा लागतो.

माझा आरोप येथे आहे. आमच्या सुशिक्षित मराठी नास्तिकाने देव्हाऱ्यातला सौम्य देव नाकारला आणि त्यालाच देव नाकारणे समजले. सत्यनारायणाची टिंगल त्याने केली. पण मुलीच्या लग्नात पोटजात पाहिली. टोनहीविषयी बोलण्याची वेळ आली की ती खेड्यातली, दुसऱ्यांची, अडाण्यांची गोष्ट ठरते. छत्तीसगडने टोनही प्रताडना निवारण कायदा २००५ मध्ये केला. एखाद्या स्त्रीस टोनही ठरविणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. सुधारकांची भूमी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडले आणि त्याआधी त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. ज्यांचे नास्तिक्य घरातल्या घरात सुखाने नांदते, त्यांनी या विलंबाचा वाटा उचललाच पाहिजे.

याचा अर्थ माहेर म्हणजे बेडी, असा नव्हे. १८७७ मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा चौदा वर्षांचा मुलगा याच रायपुरात राहायला आला. वडील विश्वनाथबाबू बायबल आणि हाफीज आवडीने वाचणारे, आचारधर्मात सैल, आई भाविक. या मुलाने पुढे शंका तीव्रतेने भोगली आणि तो श्रद्धेच्या काठावर उतरला. विवेकानंद म्हणून जगाने त्याला ओळखले. घराने त्याला प्रश्न विचारण्याची सवय दिली. उत्तर त्याने स्वतः निवडले. संगोपन वाट सुरू करून देते, मुक्काम ठरवीत नाही. म्हणूनच मुक्कामाची जबाबदारी आपल्यावर येते.

आता मराठी घरांत नास्तिकांची मुले वाढत आहेत. देव नाही, हे त्यांना वाडवडिलांच्या पितळी भांड्यांसारखे आयते मिळते. परंतु आयता नकार आणि आयती श्रद्धा यांत गुणाचा फरक नाही. दोन्हींना किंमत मोजलेली नसते. या मुलांना कबीर वाचायला द्यावा, गिरौदपुरीला न्यावे, हरेलीच्या दिवशी गावात न्यावे, आणि आपण काय नाकारले ते कोणाच्या पाठीवर उभे होते हे दाखवावे. त्यानंतर त्यांनी देव मानला तरी चालेल. आपला देव्हारा रिकामा करून शेजारच्या चौकटीतला खिळा तसाच राहू देणारे नास्तिक्य मात्र चालणार नाही.