वनविद्येच्या अभ्यासक्रमात वैद्यांची जागा

पहूरच्या एका अंगास अजिंठ्याची डोंगररांग, तर उत्तरेस तापी ओलांडली की सातपुडा आणि यावलचे अभयारण्य. असे असूनही दशमूळ भरडीचे पोते आम्ही दुकानातूनच घेतो आणि ते कोणत्या वनातून आले, हे विचारीत नाही.

बृहत्पंचमुळातील बेल, टेंटू, शिवण, पाडळ व अग्निमंथ यांचे मूळ काढणे म्हणजे बहुधा ते झाडच गमावणे होय. म्हणून मुळाच्या नावाखाली खोडाची साल खपते, हे सुज्ञ वैद्यबंधूंस ठाऊक आहे. अस्सल मुळाचा आग्रह धरावा तर वृक्ष जातो. साल पत्करावी तर पाठ मोडतो. हा पेच केवळ द्रव्यगुणाच्या वर्गात सुटणारा नाही. तो वननीतीचाही आहे.

दापोली व अकोला येथे वनशास्त्राची पदवी मिळते; डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था 1982 पासून आहे. वनविद्येच्या विद्यार्थ्यास 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा व 1988 चे राष्ट्रीय वनधोरण शिकावे लागते. त्याच 1972 च्या कायद्यातील संरक्षित वनस्पतींच्या यादीत आपले कुष्ठही आहे, हे आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? उलट, काष्ठौषधीच्या गोदामात काय येते, हे वनविद्येच्या किती पदवीधरांनी पाहिले असेल?

आमचे मत असे की, जळगावच्या विद्यापीठाने आयुर्वेद महाविद्यालयांस सोबत घेऊन वननीती व वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आखावा आणि त्यात वनौषधींच्या व्यापारास स्वतंत्र स्थान द्यावे. सातपुड्यातील पावरा व तडवी जाणकारांस तेथे अध्यापक म्हणून मानाने बोलवावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधींची ओळख शेळ्या-मेंढ्या व गायी राखणाऱ्यांस असते, असे मान्य केले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर वनवासींस औषधी वनस्पती, मुळे व कंद यांसह गौण वनोपजावर हक्क दिला आहे.

जैवविविधता कायद्यात 2023 साली झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत वैद्यांस काही सूट मिळाली. तिचे स्वागत झाले, आम्हीही केले. परंतु सुटीने पाडळीचे झाड वाढत नाही.

औषधी व्यावसायिक बंधूंस एक विनंती आहे. वनशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यास महिनाभर आपल्या गोदामात येऊ द्यावे आणि पोती त्याच्यासमोर उघडावीत.