साठीनंतरचा दाता

‘रक्तदान करा, हृदयविकार टाळा’ हा फलक आपल्या शिबिरांत हटकून असतो. तपासणीच्या टेबलाशी एखादे साठीचे काका विचारतात, “डॉक्टर, रक्त दिल्याने आयुष्य वाढतं म्हणे?” मागे रांग ताटकळलेली, आपण “हो, चांगलंच असतं” म्हणून मोकळे होतो. हे उत्तर आता बंद करावे, असे आमचे मत आहे.

दावा अगदीच निराधार नाही. पाळी असेपर्यंत स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, त्यामागे दरमहा बाहेर पडणारे लोह असावे, हा तर्क जेरोम सलिव्हन यांनी १९८१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पुढे फिनलंडमधल्या पाहणीत रक्तदात्यांना झटके कमी आल्याचे आढळले. पण दाता मुळातच धडधाकट. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहून त्याला निवडणारे आपणच! डेन्मार्क-स्वीडनच्या नोंदींच्या २०१५च्या अभ्यासात ही निवड जमेस धरूनही, वर्षाला एक रक्तदान वाढले की मृत्युदर साडेसात टक्क्यांनी कमी दिसला. ही निवड आकडेमोडीतून पुरती वगळता येते का, याबद्दल आम्ही साशंक आहोत. कारण प्रत्यक्ष प्रयोगाने निराशाच केली. पायांच्या धमन्या अरुंद झालेले १२७७ रुग्ण घेऊन अमेरिकेत निम्म्यांचे रक्त काढून लोह उतरवले. २००७च्या निष्कर्षांत एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. फायद्याची चिन्हे दिसली ती तुलनेने कमी वयाच्या रुग्णांत.

म्हणून ज्येष्ठांना परत पाठवावे असे मुळीच नाही. नियमाने ६५पर्यंत रक्तदान करता येते. पहिलेच असेल तर ६०पर्यंत. शिवाय कॉलेजच्या पोरांपेक्षा त्यांना चक्कर कमी येते.

काळजी आहे ती लोहाची. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात थेंब बुडाला की १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिनची खात्री पटते. साठ्याचे काय, हे तो थेंब सांगत नाही. एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. अमेरिकेतल्या २०१५च्या चाचणीत लोहाची गोळी न घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश दात्यांचा साठा १६८ दिवसांनीही भरला नव्हता. आपण पुरुषांना ९० दिवसांनी पुन्हा बोलावतो. नियमित दात्यांचे फेरीटिन वर्षातून एकदा तरी पाहावे. खर्चाची सबब आम्हाला ठाऊक आहे, पण फलक छापायला पैसे निघतातच.

आणि एक. वर्षानुवर्षे साडेचौदावर असलेला साठीचा पुरुष अचानक बारावर आला, तर ‘बीट-खजूर खा’ सांगून डिफर करू नका. या वयात आतड्यातून नकळत रक्त जात असू शकते, गाठही असू शकते. जुन्या कार्डावरचे आकडे काढा, चिठ्ठीवर दोन्ही लिहा आणि त्याला फिजिशियनकडे पाठवा. पंधरवड्याने फोन करून तो गेला का, हेही विचारा.