विश्लेषण : चक्रीवादळ ओसरल्यावरही मृत्यू का होत राहतात? फिरते दवाखाने नेमके काय करतात?

प्युर्टो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळ धडकले. मृतांचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ होता. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ करण्यात आला. वादळानंतरच्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू त्यात मोजले गेले. वारा शांत झाल्यावर एवढी माणसे का दगावली, याच्या उत्तरातच फिरत्या वैद्यकीय सेवेचे महत्त्व दडलेले आहे.

वादळानंतर मृत्यू कशाने होतात?

मारियाने संपूर्ण बेटाची वीज घालवली. ती सर्वत्र पूर्ववत व्हायला सुमारे ११ महिने लागले. वीज नसली की प्राणवायूची यंत्रे बंद पडतात, डायलिसिस थांबते आणि इन्शुलिनचा साठा थंड ठेवता येत नाही. हार्वर्डच्या संशोधकांच्या पुढाकाराने ३,२९९ घरांची पाहणी झाली. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्याने किंवा खंडित झाल्याने झाल्याचे कुटुंबीयांनी सांगितले. १४.४ टक्के घरांना औषधेच मिळत नव्हती. व्हिएकेस या छोट्या बेटावरील रुग्णालय बंद पडल्याने डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर जावे लागत होते.

स्वयंसेवकांचा दवाखाना कसा उभा राहतो?

याचे ठळक उदाहरण न्यू ऑर्लिन्समध्ये दिसते. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ धडकले, पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. गोरगरिबांचा आधार असलेले चॅरिटी हॉस्पिटल बंद झाले, ते पुन्हा उघडलेच नाही. तुलनेने कोरड्या राहिलेल्या अल्जियर्स भागातील एका मशिदीत ९ सप्टेंबरला ‘कॉमन ग्राउंड’ या गटाने मोफत दवाखाना सुरू केला. सुरुवातीला तिथे होते आंदोलनांत प्रथमोपचार देणारे मोजके स्वयंसेवक. रुग्ण येण्याची वाट न पाहता ते सायकलवरून गल्लोगल्ली फिरले, दारोदार विचारपूस केली, रक्तदाब तपासला. जखमांवर मलमपट्टी करण्याइतकेच महत्त्वाचे काम होते रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांच्या बंद पडलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करणे. पुढे याच दवाखान्याचे कायमस्वरूपी आरोग्य केंद्र झाले.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण परवान्याची. अमेरिकेत डॉक्टरचा परवाना राज्यनिहाय असतो. कॅटरिनानंतर मदतीला आलेल्या अनेक डॉक्टर-परिचारिकांचा वेळ कागदपत्रांच्या पडताळणीत गेला. त्या अनुभवातून २००६ मध्ये स्वयंसेवी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा तयार झाला. आधी नोंदणी केलेल्या डॉक्टरला आपत्तीच्या काळात दुसऱ्या राज्यात काम करता यावे, हा त्याचा गाभा. मात्र सर्व राज्यांनी तो स्वीकारलेला नाही.

दुसरी अडचण नोंदींची. आज आलेले पथक उद्या निघून जाते. रुग्णाला कोणती गोळी किती मात्रेत दिली, हे लिहिलेले नसेल तर पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तिसरी अडचण मर्यादेची. गाडीत डायलिसिस किंवा शस्त्रक्रियेची सोय सहसा नसते. अशा रुग्णाला कुठे न्यायचे हे आधी ठरलेले नसेल, तर तपासणी होऊनही त्याचा जीव धोक्यातच राहतो.

कोकणाने यातून काय घ्यावे?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा खांब आडवे झाले, रस्त्यांवर झाडे पडली आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. करोनाची साथ सुरू होती, ती वेगळीच. वादळाआधी स्थलांतराची तयारी आता बरीच सुधारली आहे. त्यानंतरच्या महिनाभराच्या औषधोपचाराचा विचार मात्र त्याच गांभीर्याने व्हायला हवा.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायची गरज नाही. गावात कोणाला मधुमेह आहे, कोण डायलिसिसवर आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे आशा सेविकांना माहीत असते. ही यादी दरवर्षी मे महिन्यात अद्ययावत करून प्राथमिक आरोग्य केंद्रात कागदावर ठेवावी, कारण वादळात मोबाइल आणि संगणक दोन्ही बंद पडू शकतात. या रुग्णांना महिनाभराची औषधे आधीच द्यावीत. मदतीला येऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी आणि पडताळणी जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यापूर्वी करावी, प्रत्येक पथकाला गावे नेमून द्यावीत.

स्वयंसेवक धावून येतातच, हे न्यू ऑर्लिन्समध्ये दिसले आणि कोकणातही दिसते. त्यांनी कोणत्या दारापर्यंत जायचे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगता आले पाहिजे. ते काम यंत्रणेचे आहे, आणि ते वादळ येण्यापूर्वीच करावे लागते.