पडद्यावरील खोगीरभरती

घोडा दिसला कीं मनुष्य हुरळतो, ही गोष्ट चित्रपटवाल्यांना फार लवकर कळली. हिरवेंगार कुरण, मागें बर्फाच्छादित डोंगरांची रांग, पुढें लांकडी कुंपण आणि त्या कुंपणालगत दौडणारा एखादा तेजस्वी वारू एवढें पडद्यावर मांडलें, कीं प्रेक्षकाची निम्मी बुद्धि जागच्या जागीं निजते. उरलेली निम्मी पार्श्वसंगीत निजवितें. या निजलेल्या बुद्धीच्या पाठीवर पुढें जें कांहीं लादलें जातें, त्याचा हिशेब कोणींतरी एकदां मागावयास हवा. अमेरिका व कॅनडा या देशांत रँचवरील जीवनाच्या नांवाखालीं जे चित्रपट व ज्या दूरचित्रवाणी मालिका निघतात, त्या आतां आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि आवडीनें पाहिल्या जातात. तेव्हां हा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्यालाहि पोंचतो.

प्रथम आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. खोगीर फुगलेलें दिसावें म्हणून आंत ज्या चिंध्या कोंबतात, त्यांस खोगीरभरती म्हणतात. या कथांत तीच जागा घोड्याला मिळाली आहे. कथा पातळ असली कीं आंत घोडा कोंबावा. प्रेमप्रसंग फसला कीं दोघांस घोड्यांवर बसवून टेकडीवर न्यावें. बापलेकांचा तंटा सुटत नसला कीं एखादी घोडी मध्यरात्रीं विण्यास लावावी. घोडा दिसतो, परंतु पागा दिसत नाहीं. मालक दिसतो, चाकर दिसत नाहीं. जमीन दिसते, ती कोणाकडून आली हें दिसत नाहीं. या तीन लपवालपवींचा क्रमानें विचार करूं.

पागा म्हणजे काय? ५०० किलो वजनाच्या एका घोड्यास दिवसाकाठीं ८ ते १० किलो सुकी वैरण आणि २५ ते ४० लिटर पाणी लागतें. त्याचें जठर लहान. दिवसाचा बराच भाग त्यानें थोडें थोडें चरत राहावें अशी निसर्गाची योजना. त्याला ओकतां येत नाहीं. म्हणून वैरण बिघडली किंवा वेळ चुकली कीं पोटशूळ उठून चांगला धट्टाकट्टा घोडा एका रात्रींत दगावूं शकतो. दर ६ ते ८ आठवड्यांनीं त्याचे खूर छाटावे लागतात. घोडी ११ महिने गाभण राहते. लीद उपसणें, खरारा करणें, खुरांतील माती व खडे काढणें, कडक थंडींत पहांटे उठून हौदांतील गोठलेलें पाणी फोडणें, ही खरी पागा. बाकी सगळी सहल. पडद्यावर नायिकेच्या हातीं दाताळें येतें तें संवादाला निमित्त म्हणून. संवाद संपला कीं लीदहि संपते!

कॅनडांतील ‘हार्टलँड’ ही मालिका २००७ च्या आक्टोबरांत सुरू झाली. आल्बर्टा प्रांतांतील एका घोड्यांच्या रँचवर ती बेतलेली असून, तासाभराच्या कथामालिकांत त्या देशांत तिच्याइतकी दीर्घायुषी दुसरी झाली नाहीं. तींत स्त्रिया पागा चालवितात, पशुवैद्य येतो-जातो, पैशांची ओढाताणहि मधून मधून दिसते. याचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. परंतु तिच्या लोकप्रियतेचा कणा निराळा आहे. बिथरलेला घोडा येतो, एक भावनाशील मुलगी त्याच्या डोळ्यांत पाहते, भाग संपावयाच्या आंत तो निवळतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या मालकाचें दुःखहि निवळतें. १९९८ सालच्या ‘द हॉर्स व्हिस्परर’ या रॉबर्ट रेडफोर्डच्या चित्रपटांत हीच गोष्ट अधिक संथपणें व अधिक देखणेपणानें सांगितली आहे. घोडा हा जणू माणसाच्या काळजाचा आरसा! वास्तविक घोडा शिकतो तो अगदीं साध्या नियमानें. दाब द्यावा, आणि त्यानें योग्य प्रतिसाद देतांच त्याच क्षणीं दाब काढावा. हें शेंकडों वेळां. रे हंट किंवा बक ब्रॅनमन यांच्यासारख्या नामांकित शिक्षकांनीं आयुष्यभर हेंच सांगितलें. ब्रॅनमन तर रेडफोर्डच्या त्या चित्रपटाचे सल्लागार होते. शिकविणाऱ्याचा हात चुकत असेल तर तो हात सुधारावा, ही त्या विद्येची शिकवण. पडद्यानें तिचें रूपांतर मंत्रोपचारांत केलें. श्रम काढून टाकले आणि चमत्कार ठेवला.

हीच गत घोड्याच्या आवाजाची व चालीची. पडद्यावरील घोडा उठतां बसतां खिंकाळतो. खरा घोडा बराच वेळ मुका असतो. तो खिंकाळतो तो मुख्यतः कळपापासून तुटल्यावर, सोबत्यास हांक घालण्यासाठीं. त्याच्या एकटेपणाची हांक ती पडद्यावर शौर्याची ललकारी होऊन बसली! तसेंच भरधांव दौडीचें. कोणताहि घोडा थोड्याच मैलांवर भरधांव धांवूं शकतो, पुढें त्याचें ऊर फुटावयाची वेळ येते. म्हणूनच गुरांचे मोठे तांडे हांकीत नेतांना दिवसाला १५ ते २५ किलोमीटर एवढीच मजल मारीत, आणि प्रत्येक गुराख्यामागें बदलीचे सहा-आठ घोडे असत. या राखीव घोड्यांच्या जथ्याला ‘रेमुडा’ असा स्पॅनिश शब्द आहे. त्याचा अर्थच मुळीं ‘बदल’. परंतु नायकाचा घोडा एकच असावा लागतो, नाहींतर मैत्रीचें गाणें कोणाला उद्देशून म्हणावयाचें?

आतां चाकराकडे वळूं. येथें आपल्या मराठेशाहींतील एक भेद उपयोगी पडतो. स्वतःच्या घोड्यावर स्वार होणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हें वाचकांस ठाऊकच आहे. अमेरिकेंतील गुराखी, ज्याला ‘काउबॉय’ म्हणतात, तो सामान्यतः बारगीर होता. घोडे रँचच्या मालकाचे; गुराख्याचें स्वतःचें बहुधा खोगीर तेवढें. १८८० च्या सुमारास त्याला महिन्याकाठीं साधारणतः ३० ते ४० डॉलर मिळत. सिनेमानें या बारगिराला शिलेदार करून सोडलें. स्वतंत्र, मनस्वी, कोणाची ताबेदारी न सोसणारा. १८८३ सालीं टेक्सासच्या उत्तर टोंकाकडील भागांत या गुराख्यांनीं चक्क संप केला होता. ५० डॉलर वेतन मिळावें अशी त्यांची मागणी होती. दूरदेशींच्या भांडवलवाल्यांनीं रँच विकत घेतल्यावर गुराख्यांना स्वतःचीं चार जनावरें पाळण्याची जी मुभा होती तीहि काढून घेतली, हें त्यांचें दुखणें. मालकांनीं दुसरीं माणसें आणून तो संप मोडून काढला. स्वातंत्र्याच्या या मूर्तींनीं पगारासाठीं संप करावा, ही गोष्ट पडद्याला सोसण्यासारखी नव्हती. ती पडद्यावर क्वचितच आली.

शिवाय या गुराख्यांचा रंगहि बदलला. त्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा कृष्णवर्णी होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील नॅट लव्ह यानें आपलें आत्मचरित्र १९०७ सालीं प्रसिद्ध केलें होतें. मेक्सिकन गुराख्यांचा वांटा तर एवढा मोठा, कीं ‘रँच’, ‘रोडिओ’, ‘लासो’, ‘ब्रोंको’ हे या धंद्याचे मूळ शब्दच स्पॅनिश आहेत. विद्या त्यांची, शब्द त्यांचे, आणि पडद्यावर नायक मात्र सदैव गोरा! ही वाङ्मयचोरी नव्हे तर काय?

तिसरी गोष्ट जमिनीची; आणि सर्वांत मोठें पाप येथेंच दडलें आहे. ज्या टेक्सासांत तो संप झाला, तेथेंच पालो ड्युरो नांवाची एक खोल दरी आहे. सप्टेंबर १८७४ मध्यें कर्नल मॅकेन्झीच्या सैन्यानें तेथें कोमांची, कायोवा व शायेन लोकांच्या छावण्यांवर हल्ला चढविला, त्यांचे घोडे धरले, आणि त्यांपैकीं हजारांहून अधिक घोडे गोळ्या घालून ठार केले. घोडा गेला कीं त्या लोकांची शिकार गेली, हिंडणें गेलें, लढणें गेलें. पुढल्या वर्षांत त्यांचें शरण येणें पुरें झालें; आणि १८७६ त चार्ल्स गुडनाइट यानें त्याच दरींत आपलीं गुरें घातलीं. त्या प्रदेशांतील रँचजीवनाचा आरंभ असा एका अश्वसंहारानंतरचा आहे. घोड्यावरील प्रेमाच्या कथा सांगणारांनीं घोड्यांच्या या कत्तलीला पाठ दाखवावी, यासारखा विपर्यास कोणता?

‘बोनान्झा’ ही मालिका १९५९ पासून १९७३ पर्यंत चालली. एक बाप, त्याचे तीन बायकांचे तीन मुलगे, तिन्ही बायका परलोकवासी, आणि टाहो सरोवराच्या कांठीं पसरलेली त्यांची अफाट जमीन. तें सरोवर म्हणजे वाशो लोकांच्या मूळ भूमीचा केंद्रबिंदु. या मालिकेंत जमीन राखणें हाच धर्म होता. ती मिळाली कशी, हा प्रश्न अधर्म. २०१८ ते २०२४ या काळांतील ‘यलोस्टोन’ ही मालिका अधिक धीट म्हणून नांवाजली गेली. तिच्यांतील घोडेस्वारी अस्सल आहे हें मान्य केलें पाहिजे. आणि मूळच्या रहिवाशांचा पुढारीहि तेथें वाचाळ विदूषक नसून धोरणी प्रतिपक्षी आहे. परंतु तिच्यांतील जमीनदार आपली जमीन राखण्यासाठीं खुनामागून खून करवितो, निष्ठावंत चाकरांच्या छातीवर गुरांना डागतात तशी तापल्या लोखंडाची खूण उठविली जाते, आणि प्रेक्षकानें हें सारें घराण्याच्या अभिमानाचें काव्य म्हणून पाहावें अशी योजना असते. डिसेंबर २०२४ मधील अखेरच्या भागांत ती जमीन मूळच्या लोकांना एकरीं सव्वा डॉलर दरानें विकली जाते. हा शेवट चांगला, पण तो येतो मालकाच्या मुलाच्या औदार्यानें आणि वारसाकराच्या कात्रींतून सुटण्याची युक्ति म्हणून. मागणाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे.

एवढ्यावर कोणी म्हणेल, कथा ती कथाच. तिनें घोड्याचें कांहीं बिघडविलें नाहीं. बिघडविलें आहे. १९३६ सालच्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ या चित्रपटासाठीं घोड्यांच्या पायांस तारा अडकवून त्यांस भरधांव असतां पाडण्यांत आलें, आणि कित्येक प्राणांस मुकले. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’ साठीं एका घोड्यास उंच कड्यावरून पाण्यांत लोटलें व तो मेला. त्यावरून जो ओरडा झाला त्यामुळें १९४० त प्राणिदयावादी संस्थेची देखरेख हॉलिवुडांत सुरू झाली. ती पुढें सैल पडली आणि १९८० च्या ‘हेवन्स गेट’ वरून पुन्हा गहजब झाल्यावर आवळली गेली. शर्यतीच्या घोड्यांवरील ‘लक’ ही मालिका तर तिसरा घोडा दगावल्यावर मार्च २०१२ मध्यें बंदच करावी लागली. घोड्यास केवळ खोगीरभरती मानणारी दृष्टि प्रथम लेखणींत येते आणि मग तारेंत उतरते, एवढाच याचा बोध.

आमच्याविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे. करमणुकीच्या कथेंत वैरणीचे आंकडे, संपाच्या तारखा व जमिनीचे दस्तऐवज घातले तर ती कोण पाहील? दिवसभर राबलेल्या माणसानें रात्रीं घटकाभर हिरवें कुरण पाहिलें तर त्यांत कोणाचें नुकसान? हा आक्षेप खरा ठरला असता, जर सत्य सांगणाऱ्या कथा नीरस निघाल्या असत्या. तशा त्या निघाल्या नाहींत. १९६१ सालचा ‘द मिसफिट्स’ पाहावा. आर्थर मिलरची कथा, जॉन ह्यूस्टनचें दिग्दर्शन. नेव्हाडाच्या माळावर थोडे उरलेले रानघोडे विमानानें हांकून, मालमोटारींतून दोरानें पकडून, कुत्र्यांच्या खाद्यासाठीं वजनावर विकावयाचे, हा त्यांतील ‘स्वतंत्र’ पुरुषांचा धंदा. मजुरीपेक्षां हें बरें, असें म्हणणाऱ्या त्या माणसांच्या स्वातंत्र्याची किंमत घोडे देतात, हें तेथें एक स्त्री ओरडून सांगते. अशा यांत्रिक शिकारीस सरकारी जमिनीवर बंदी घालणारा कायदा १९५९ सालीं आणि रानघोड्यांस संरक्षण देणारा कायदा १९७१ सालीं झाला. म्हणजे या चित्रपटानें आपल्या काळाचें जिवंत दुखणें हातीं घेतलें होतें. अलीकडे, २०१७ सालीं, क्लोई झाओ हिनें ‘द रायडर’ केला. साउथ डकोटांतील लाकोटा वस्तींतला एक तरुण. घोड्यावरून पडून मस्तकास इजा झालेली. घोडे शिकविणें हीच एक विद्या, आणि तीच आतां जिवावर बेतणारी. ज्याच्या जीवनावर कथा बेतली त्यानेंच तींत काम केलें आहे. तेथें घोडा शिकतो तें हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत. आणि पाय जायबंदी झालेल्या घोड्यास मारावें लागतें, तेव्हां संगीत आपली सुटका करीत नाहीं. या चित्रपटांत कुरण कमी सुंदर दिसतें असें कोणी म्हणावें!

तेव्हां आमची मागणी अवाजवी नाहीं. प्रत्येक कथेनें इतिहासाचा धडा द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. घोडा दाखवावयाचा तर त्याचें पोट, त्याचे खूर आणि त्याची भीति यांसह दाखवावा. मालक दाखवावयाचा तर त्याच्या घोड्यास खरारा करणारा हात दाखवावा. आणि कुंपण दाखवावयाचें तर त्याच्या दोन्ही बाजूंस कोण उभें आहे तें दाखवावें. तोंवर आपण प्रेक्षकांनीं, विशेषतः मुलांना शेजारीं घेऊन बसणाऱ्या आईबापांनीं, एक साधी संवय लावून घ्यावी. पडद्यावर दौडता घोडा दिसला कीं शांतपणें विचारावें: याला चंदी कोण घालतो, तो घालणाऱ्यास काय मिळतें, आणि तो ज्यावर धांवतो ती जमीन कोणाची? तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर पुढें खुशाल पाहावें. न मिळालीं तर खोगीर कितीहि टुमदार दिसो, आंत चिंध्याच आहेत असें समजावें.