बाक काढण्यापूर्वी



पुनर्विकास झालेल्या आमच्या सोसायटीने आवारातले दोन बाक ठराव करून काढले. म्हातारे चकाट्या पिटतात, पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात आणि गाड्यांना जागा पुरत नाही, ही कारणे. माझे म्हणणे, हा निर्णय आरोग्याचा होता. तो पार्किंगचा समजून पाच मिनिटांत उरकला गेला.

१९९५च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तिथल्या दोन शेजारच्या गरीब वस्त्या ताडून पाहिल्या. एकट्या वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे, तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण साउथ लॉनडेलच्या कितीतरी पट. पहिल्या वस्तीत ओस भूखंड, बंद दुकाने आणि भीतीने दार लावून बसलेले म्हातारे. दुसरीत गजबजलेला रस्ता, म्हणजे घराबाहेर पडायला निमित्त. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तीन लाखांवर माणसांचा. नात्यागोत्याचा, मैत्रीचा आधार असलेल्यांची तगून राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त भरली.

आमच्या जुन्या चाळीत दुधाची पिशवी आठनंतरही कडीला लटकलेली दिसली की शेजारीण हाक मारायची, "काकू, बरं नाही का?" आईला अर्धांगाचा झटका आला तो असाच वेळेत कळला. आता मजल्यावर चार दारे आहेत, चारही बंद.

चाळीचे गोडवे मी गात नाही. नळावरची भांडणे, संडासाची रांग, कुणाची सून किती वाजता आली याची नोंद ठेवणारे डोळे, सगळे भोगले आहे. दाटीवाटीत क्षय फोफावतो, हेही खरेच. पण घरात संडास हवा म्हणून माणसे भेटायची जागा सोडावी लागेल, हे कुणी ठरवले? नव्या आराखड्यात जिम हौसेने दाखवतात. सत्तरीच्या माणसाला ट्रेडमिलपेक्षा पाठ टेकायला बाक आणि शेजारी बोलणारे कुणी लागते. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर करताना महापालिकेने गाड्यांइतकीच काटेकोरपणे बसायची जागाही मोजावी.

येत्या सर्वसाधारण सभेत बाक परत बसवण्याचा ठराव मी मांडणार आहे. बाकांच्या जागी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एक माझ्या मुलाची. घरी बोलणे झाले. त्याला अजून पटलेले नाही.

— एक ज्येष्ठ वाचक, परळ